अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

ग्लासगो
१५ सप्टेंबर २०२४

ती. वीणाआत्यास,

साष्टांग नमस्कार. (हे बाबांना विचारून लिहिलं. ते म्हणाले पत्र असाच सुरू होतो.)

तू म्हणालीस, फोनवर मी दोन वाक्यांनंतर इंग्लिशमध्ये घसरते, म्हणून हाताने मराठीत लिही, तू चुका सुधारशील. तर ही पहिली पत्र. बाबा मला मेडनहेडहून तुझ्या शनिवारच्या मराठी वर्गाला आणायचे आणि मी मागे बसून क्रिस्प्स खायची, त्याची शिक्षा आता पंचविसाव्या वर्षी.

डॉक्टर म्हणून पहिली नोकरी सुरू झाली आणि मला सगळ्यात कठीण काय जातं सांगू? इंग्लिश! इथले पेशंट बोलतात ते मला कळतच नाही. एक आजोबा म्हणाले, मी 'पीली-वॉली' आहे. मी मान हलवली आणि बाहेर जाऊन नर्सला विचारलं. म्हणजे चेहरा पांढरा पडलाय, बरं वाटत नाही. काल एक आजी आली. 'आय हॅड अ फनी टर्न, हेन.' (इथे मुलीला प्रेमाने हेन म्हणतात.) मी विचारलं, त्यात फनी काय होतं? आजी हसली, नर्स हसली, माझा सीनियर नील इतका हसला की त्याची चहा सांडली. मग तो म्हणाला, वरदा, ग्लासगोमध्ये फनी टर्न म्हणजे अचानक कसंतरी होणं, म्हणजे ईसीजी आणि रक्ताची तपासणी, ताबडतोब. केलं. आजीच्या हृदयात खरंच गडबड होती.

मला हे फार आवडलं. आता मी सगळ्यांचे शब्द ऐकत फिरते. मराठीत पण असे शब्द आहेत का? मला शिकव.

तुझी,
वरदा

*

स्टॅनमोर
२९ सप्टेंबर २०२४

चि. वरदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं, पोरगी दोन दिवसांत विसरेल.

आता लाल शाई. पत्र 'ती' नव्हे, 'तो' नव्हे, 'ते' पत्र. चहा सांडला, सांडली नाही. चहा पुल्लिंगी आहे, तुझ्या काकांसारखा. गरम असेपर्यंत बरा. आणि 'एक आजी आल्या' म्हणावं, परक्या बाईला मान द्यावा. बाकी अक्षर तुझ्या बापापेक्षा चांगलं आहे, म्हणजे डॉक्टर होऊनही तुझं अजून काही बिघडलेलं नाही.

उत्तराला उशीर झाला. वरचं सगळं लिहून तयार होतं, पण पोस्टाची पेटी स्टेशनपलीकडे, तिथवर जायचा कंटाळा केला. हल्ली स्टेशनचा जिना चढताना माझा जीव घाबरा होतो. मग मधेच कठड्याला टेकून उभी राहते. लोकांना वाटतं, म्हातारी मोबाइल बघतेय. जरा वेळाने बरं वाटतं. वयाची सदुसष्टी आली, दुसरं काय! तुझ्या काकांना यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली तेव्हापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ छातीचीच आरती चालते. जन्मभर लोकांची हाडं जोडली, आता स्वतःची नाडी धरून बसतात. एका घरात एकच हृदय पुरे, बाई.

फनी टर्नची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली. खूप हसले.

तुझी,
आत्या

*

ग्लासगो
९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,

जीव भांड्यात पडला म्हणजे काय? कुठल्या भांड्यात? आणि पडल्यावर बाहेर कसा काढतात? मी नीलला सांगितलं तर तो म्हणाला, तुमची भाषा स्वयंपाकघरात तयार झाली का.

पण तुझं वाचून मला वाईट वाटलं. तुला जिन्याची भीती वाटते! आमच्या वॉर्डात पुष्कळ आज्यांना वाटते. एकदा पडलं की मग प्रत्येक पायरीला घाबरतात. आत्या, तू पडलीस का? खरं सांग. तू गोष्टी लपवतेस, बाबा नेहमी म्हणतात. घाबरू नको, कठडा घट्ट धर, सपाट बूट घाल, आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, जीपीला जाऊन दाखव. एवढं ऐक. मी आता खरी डॉक्टर आहे.

काकांना सांगणार नाही. प्रॉमिस.

तुझी,
वरदा

(पत्र किती बरोबर आलं? यावेळी मी प्रत्येक शब्द बाबांना विचारला नाही, फक्त अर्धे.)

*

स्टॅनमोर
२७ ऑक्टोबर २०२४

चि. वरदा हिस आशीर्वाद.

पत्र बरोबर आलं. लाल शाई वाळून गेली म्हणायची.

मी पडलेबिडले नाही. पण खऱ्या डॉक्टरांची आज्ञा झाली, म्हणून जीपीकडे जाऊन आले. सकाळी आठला फोन लावला, तो उचलेपर्यंत इकडे चकल्यांची भाजणी मळून झाली. नशिबाने त्याच आठवड्यातली वेळ मिळाली.

डॉक्टरीणबाई तरुण, गोड आवाजाची. मी म्हटलं, 'ऑन द स्टेअर्स आय गेट फ्राइटंड.' तीस वर्षं कौन्सिलच्या लायब्ररीत काढली, माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. वाक्य पाठ करूनच गेले होते. बाई म्हणाली, 'ऑफ कोर्स यू डू.' मग विचारलं, कशाची भीती वाटते? म्हटलं, तसं कशाचीच नाही. पडण्याची? म्हटलं, पडेन की काय असं वाटतं खरं. घरी कोण असतं? म्हटलं, नवरा, त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. 'दॅट मस्ट बी अ वरी.' आता यावर नाही कसं म्हणायचं? घाम येतो हेही सांगितलं. म्हणाली, भीतीने येतोच. मान डोलावत सगळं टाइप करत होती. ब्लड प्रेशर घेतलं, ते शहाण्यासारखं वागलं.

निकाल असा, की मला पडण्याची भीती आहे, म्हणून तोल सांभाळायच्या व्यायामाचा वर्ग. दर सोमवारी, कम्युनिटी हॉलमध्ये. शशी नावाची उत्साही मुलगी आमच्याकडून खुर्ची धरून उठाबशा काढून घेते. शाळेत कधी काढल्या नाहीत त्या आता काढतेय.

निघताना बाई प्रेमाने म्हणाली, 'यू लेडीज वरी सो मच. तुमच्या समाजातल्या बायकांमध्ये आम्ही हे खूप बघतो.' काय बघतात ते विचारायचं राहून गेलं. पुढचा माणूस दारात उभा होता.

चकल्या पोस्टाने पाठवतेय. चुरा झाला तर चमच्याने खा.

तुझी,
आत्या

*

ग्लासगो
५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,

चकली पोचल्या. चुरा झाली, पण नीलने सुद्धा चमच्याने खाल्ली. आता दिवाळीची पाडवा, भाऊबीज सगळं तो मला विचारतो आणि मी खोटं उत्तर देते.

तू जीपीला गेलीस, बरं वाटलं. वर्ग सोडू नको.

पण 'आम्ही हे खूप बघतो' हे वाक्य माझ्या डोक्यात अडकला आहे. आमच्याकडे पण एक मोठे डॉक्टर म्हणतात, साउथ एशियन बायकांना सगळीकडे दुखतं. सगळे हसतात. परवा मी विचार केला, 'सगळीकडे' हा शब्द त्यांना कोणी सांगितला? बाईने की तिच्याबरोबर आलेल्या जावयाने? आणि मूळ शब्द काय होता? मला हे विचारायचं होतं, पण ते राउंड संपवून गेले.

म्हणून आता तुला एक भाषेचा प्रश्न. जीव म्हणजे काय? मी तुझी सगळी पत्रं परत वाचली. जीव भांड्यात पडतो. जीव घाबरा होतो. बाबा म्हणतात आईने मला जीव लावला. आजीचा फोन नाही आला की जीव टांगणीला लागतो. हा जीव मनात असतो, डोक्यात असतो की पोटात? इंग्लिशमध्ये 'लाइफ' लिहिलं तर सगळे वाक्य वेडे होतात. तुला लायब्ररीत लोक असे प्रश्न विचारायचे का?

तुझी,
वरदा

*

स्टॅनमोर
१३ नोव्हेंबर २०२४

चि. वरदा हिस आशीर्वाद.

लायब्ररीत लोक मला फक्त टॉयलेट कुठे आहे ते विचारायचे. तुझ्या प्रश्नाने मला माझे वर्गाचे दिवस आठवले. आपण फळ्यावर लिहायचो ना, 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा'? तेव्हा तुझं तोंड क्रिस्प्सने भरलेलं असायचं. आता घे.

जीव लावणे म्हणजे पोटच्या पोरासारखं प्रेम करणे. वाक्यात उपयोग: आत्याने एका उनाड भाचीला उगाचच जीव लावला. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय होणार ते कळेपर्यंत चैन न पडणे. जीव भांड्यात पडणे म्हणजे ती चैन पडणे. भांडं कुठलं ते मलाही ठाऊक नाही, तुझ्या काकांनाही नाही, आणि आम्ही त्यावर अर्धा तास भांडलो.

आता जीव घाबरा होणे. यात तू पहिल्यापासून चुकते आहेस. हा भीतीचा शब्दच नाही, वेडाबाई! भीती वाटायला समोर काहीतरी लागतं: कुत्रा, सासू, टॅक्सवाल्यांचं पाकीट. जीव घाबरा होतो तेव्हा समोर काही नसतं. छातीवर कोणीतरी उशी दाबून बसलंय असं होतं. दुखत नाही, पण श्वास घ्यावा तेवढा पुरत नाही. मानेवर गार घाम येतो. जबडा जड होतो, जणू दाढ काढायच्या आधीचं इंजेक्शन दिलंय. बसलं की ओसरतं, उठून चढायला लागलं की पुन्हा येतं. हे सगळं मिळून जीव घाबरा होणे. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचार, न अडखळता सांगेल. डॉक्टरीणबाईने कशाची भीती वाटते ते विचारलं. घाबरणं म्हणजे काय होतं, ते नाही विचारलं. तिचं तरी काय चुकलं, भाषांतर माझंच.

वाक्यात उपयोग: परवा कपाटावरचा रिकामा चिवड्याचा डबा उतरवताना आत्याचा जीव घाबरा झाला.

हो, हल्ली जिना नसतानाही होतं. थंडीचे दिवस. सोमवारी शशी आमच्याकडून पायऱ्यांची चढ-उतर करून घेणार आहे, म्हणजे सवय होईल.

चकली चुरा 'झाली' कशी, चकल्यांचा चुरा 'झाला'. आणि वाक्य नपुंसकलिंगी, अडकलं. भाऊबिजेबद्दल त्या नीलला काय खोटं सांगितलंस ते कळव.

तुझी,
आत्या

*

ग्लासगो-लंडन ट्रेनमध्ये
१६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

हा पत्र पोस्ट करणार नाही, हातात देणार. मला काही तरी करायला पाहिजे म्हणून लिहिते.

तुझी पत्र सकाळी आला. मी दाराजवळच उभी राहून वाचली. भांड्यापर्यंत हसत होती. मग जबडा आला. आत्या, तू मला व्याकरण शिकवत होतीस आणि मी केस हिस्ट्री वाचत होती. परीक्षेत असंच लिहून येतं. ही एवढी स्पष्ट हिस्ट्री मला एका पण पेशंटने अजून दिला नाही.

फोनवर मी ओरडले, सॉरी. तू म्हणालीस, दुखत नाही तर हृदय कसं असेल, काकांना तर केवढं दुखलं होतं. बायकांना पुष्कळ वेळा असंच होतं, न दुखता. आणि मी काकांना सांगितलं, प्रॉमिस मोडलं. ते फक्त म्हणाले, 'गाडी काढतो.'

आता तू इमर्जन्सीमध्ये पोचली असशील. मी सांगितलं ते विसरली नसशील ना? 'फ्राइटंड' अजिबात म्हणायचं नाही. ग्लासगोच्या आजीसारखं म्हणायचं, फनी टर्न, आणि मग जबडा.

हे तुला सांगताना मला इतका राग आला. ती आजी बोलली तेव्हा मी एकटीच मूर्ख होती जिने विचारलं त्यात फनी काय. बाकी सगळ्यांना माहीत होतं. तिचा शब्द तिच्या हृदयाचा झाला आणि तुझा शब्द तुझ्या स्वभावाचा. का? तू म्हणतेस भाषांतर तुझं चुकलं. तिच्या शब्दाला कोणी भाषांतर मागितलंच नाही! आणि तू घाम सांगितलास. घाम तर सगळ्यांचा एकच असतो ना? मी पण जिना, कठडा, बूट लिहून पाठवला. मला तर तू घरातलीच आहेस.

मला तुझी भीती वाटते. हे चूक आहे, मला माहिती आहे. बरोबर काय ते आठवत नाही. प्रेस्टन गेलं. ट्रेन इतकी हळू का जातो?

वरदा

*

वॉर्डातून
२१ नोव्हेंबर २०२४

चि. वरदा हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

तू उशाशी ठेवून गेलेलं पत्र मी रोज वाचते. त्यातली एकही चूक सुधारणार नाही. तशीच राहू देत.

तू होतीस तेव्हा नळ्या, डॉक्टर आणि तुझे काका यांच्या गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते. त्या दिवशी मी इमर्जन्सीच्या नावनोंदणीच्या खिडकीशी गेले आणि तू पढवल्याप्रमाणे म्हटलं, 'आय हॅड अ फनी टर्न, लव्ह.' मी जन्मात कोणाला लव्ह म्हटलेलं नाही, तुझ्या काकांनासुद्धा नाही. ते शेजारी उभे होते, चमकून बघायला लागले. पण खिडकीतल्या मुलीने लगेच आत घेतलं. ईसीजी, रक्त, मग मनगटातून तार घालून दोन स्टेंट. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं. सोमवारच्या पायऱ्या शशीने घेतल्या असतील, माझ्याविना.

वाचले, याचा आनंद आहेच. पण वाचले ते उसन्या शब्दावर, आणि त्याचा मला संताप येतो, वरदा. साठ वर्षं जी भाषा तोंडात वागवली, चाळीस पोरांना शिकवली, ती जीव जायच्या वेळी दाराबाहेर ठेवावी लागली.

काका दिवसभर पायाशी बसतात आणि माझी हाडं किती मजबूत आहेत ते सांगतात. दुसरं काही सुचत नाही त्यांना. मग डोळे पुसतात.

परवा मला या साध्या वॉर्डात हलवलं, हृदयवाल्यांकडे खाट नव्हती. इथे शेजारच्या खाटेवर लीलावतीबेन आहेत, केंटनच्या. स्वयंपाकघरात पडल्या, हाताला प्लास्टर. त्यांना काल रात्रीपासून रक्त चढवताहेत. पोटातल्या पोटात कधीचा रक्तस्राव चालला होता, म्हणूनच तर पडल्या. आज ओठांना जरा रंग आलाय. हे कळलं कसं, ते ऐक.

काल सकाळपासून त्या एकच म्हणत होत्या, 'गभरामण थाय छे.' नर्सने मुलाला फोन लावून दिला. तो बिचारा ऑफिसात, घाईत. म्हणाला, 'शी सेज शी इज स्केअर्ड.' झालं! नर्सने त्यांना चहा दिला, हात थोपटला. दुपारी पुन्हा तेच, पुन्हा चहा. कानावर पडत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. म्हटलं, आपण नुकत्याच वाचलोय, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजा? पण गभरामण म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको होतं. तो माझाच शब्द, फक्त गुजराती पातळ नेसलेला.

शेवटी घंटा दाबली. संध्याकाळच्या पाळीची सिस्टर आली, अनुभवी दिसत होती. मी म्हटलं, या बाईंना नीट तपासा. तिने विचारलं, तुम्ही यांच्या नातेवाईक? म्हटलं, नाही. ती थकलेली होती. म्हणाली, 'त्या जरा घाबरल्या आहेत, एवढंच. घरापासून दूर आहेत ना.'

वरदा, अंगावर हॉस्पिटलचा झगा, पाठ उघडी, केस पिंजारलेले. या अवतारात कोण माझं ऐकणार? पण मी उठून बसले आणि म्हटलं, 'त्या घाबरलेल्या नाहीत. घाबरलेय मी. तुम्ही आत्ताही ऐकणार नाही, म्हणून.'

मला वाटलं, आता मलाही चहा देणार.

मग तिने खुर्ची ओढली, आमच्या दोन खाटांच्या मध्ये बसली आणि म्हणाली, 'तो शब्द पुन्हा एकदा म्हणा. आणि तो म्हणतात तेव्हा नक्की काय होत असतं, ते मला सांगा.'

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तुझी,
आत्या